पळी, सळई आणि ओल

2011 साली मेकॅनिकलचा डिप्लोमा संपवून मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा माझी समजूत अशी होती की मला थेट स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे धातूतल्या घटकांचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्राच्या, वातानुकूलित खोलीत बसवतील आणि मी आकडे वाचीन. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी माझ्या हाती आला तारेचा ब्रश, आणि समोर भिंतीला टेकवून ठेवलेल्या अकरा सळया व चार पळ्या. भट्टीवर धातू वितळवणारे मेल्टर, ज्यांना सगळे मामा म्हणत, मला म्हणाले, "आदी ह्यांची वळख करून घ्या, साहेब. भट्टी काय पळून जात न्हाई." त्या ‘साहेब’मध्ये आदर किती आणि चेष्टा किती, हे कळायला मला महिना लागला, सळई म्हणजे काय हे कळायला त्याहून बराच जास्त काळ लागला.

आमच्याकडे 500 किलोच्या दोन मुशींची इंडक्शन भट्टी होती आणि काम मुख्यतः बिडाचे, म्हणजे पंपांची व ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची कास्टिंग. भट्टीजवळची हत्यारे मोजकीच असतात. स्लॅग, म्हणजे वितळलेल्या धातूच्या रसावर तरंगणारी घाण, काढायच्या लांब सळया, टोकाला आडवी पट्टी जोडलेला ओढा, नमुना घ्यायची पळी, नमुना ओतायचा तांब्याचा साचा, पाचरीच्या चाचणीसाठी (पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून, फोडून त्याचा छेद पाहण्यासाठी) वाळूचे छोटे साचे आणि तापमान मोजायचा लान्स. कारखान्याच्या हिशेबात या सगळ्यांची किंमत नगण्य असते, म्हणून खरेदी विभाग त्यांच्याकडे पाहत नाही, देखभाल विभाग ती आपली मानत नाही, आणि त्यांची खरी मालकी शेवटी ज्याच्या हातात ती असतात त्याच्याकडेच जाते.

स्लॅगला मामा कायम ‘मळी’ म्हणत. त्यांचे वडील गुळव्या होते, आणि लहानपणी त्यांनी गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीतून मळी काढताना पाहिली होती. उसाच्या रसात भेंडीचा चिकट रस घातला की घाण एकत्र येऊन वर तरंगते आणि मग ती अलगद काढता येते, तसेच भट्टीत स्लॅग कोअ‍ॅग्युलंट टाकला की तो उष्णतेने फुलतो, पातळ, पसरलेली मळी त्याला चिकटते आणि तिचा एक लोंबता गोळा तयार होतो. ही तुलना मला आजही पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा अधिक अचूक वाटते. फरक इतकाच की काहिलीतला रस शंभर-सव्वाशे अंशांवर असतो आणि आमचा चौदाशेच्या पुढे.

ही मळी येते कुठून, हे समजल्याशिवाय ती काढण्याचे महत्त्व पटत नाही. भंगारावरचा गंज, पुन्हा वितळवायला परत आलेल्या मालाला चिकटलेली वाळू, भट्टीच्या अस्तराची झीज आणि रसातल्या सिलिकॉन-मँगनीजचे हवेशी झालेले ज्वलन, या सगळ्यांतून सिलिका आणि लोह-मँगनीजची ऑक्साइडे तयार होतात व रसावर तरंगतात. ती लॅडलमध्ये, म्हणजे रस साच्यांकडे नेणाऱ्या भांड्यात, गेली की साच्यात जातात, आणि साच्यात गेली की मशीनिंग करताना, म्हणजे आपल्याकडून माल गेल्यावर आणि गिऱ्हाइकाने त्यावर पैसे खर्च केल्यावर, नेमकी घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर उघडी पडतात.

मळी काढण्याची रीत मला मामांनी तीन दिवस नुसती पाहायला लावली. आधी पॉवर बंद. भट्टी चालू असताना विद्युतचुंबकीय रेट्याने रस मधोमध फुगतो आणि मळी कडेला भिंतीकडे ढकलली जाते. पॉवर बंद केल्यावर पृष्ठभाग सपाट होतो आणि आत घुसळलेले कणही वर येतात. शिवाय लोखंडी सळई हातात धरून चालू भट्टीच्या रसात बुडवणे हा विजेशी केलेला खेळ आहे. अर्थ लीकेजची यंत्रणा असली तरी तिच्या भरवशावर तो खेळायचा नसतो. मग कोअ‍ॅग्युलंट मूठभर, सगळीकडे विखरून. तो फुलेपर्यंत थांबायचे. त्यानंतर सळईचे वाकवलेले टोक मळीला नुसते टेकवायचे, गोल फिरवायचे, म्हणजे सळईच्या तुलनेने थंड अंगावर मळी थिजून गुंडाळली जाते, आणि तो गोळा कोरड्या वाळूच्या थराच्या पेटीत झटकायचा. नवखा माणूस सळई रसात खोल खुपसतो आणि भिंतीवर खरडतो. खोल खुपसल्याने सळई खाल्ली जाते, आणि खरडल्याने अस्तर. मी पहिल्या आठवड्यात दोन्ही केले.

सळई रसात ‘खाल्ली जाते’ हे मला प्रथम पटले नव्हते. मऊ पोलाद साधारण पंधराशे अंशांच्या पुढे वितळते आणि आमचा रस त्या वेळी 1420 अंशांवर होता. मग सळईचे टोक पेन्सिलीसारखे निमुळते का झाले? मामांनी टपरीवरच्या चहाकडे बोट दाखवले. चहातला गुळाचा खडा वितळत नाही, विरघळतो. बिडाच्या रसातला कार्बन पोलादात शिरतो, कार्बन वाढला की त्या थराचा वितळणबिंदू खाली येतो, तो थर सुटतो आणि पुढचा उघडा पडतो. म्हणूनच सळईला आणि पळीला लेप लागतो. लेप हा केवळ हत्यार टिकवण्यासाठी नसतो. हत्याराचे लोखंड आपल्या रसात मिसळू नये यासाठीही असतो. हे दुसरे कारण मला पुढे फार महागात समजले.

हत्यारे तयार करतानाचे काही नियम मामा कारण न सांगता सांगत, आणि कारणे मी नंतर शोधली. मूठ म्हणून पाइप वापरायचा असेल तर त्याची दोन्ही तोंडे उघडी हवीत. तोंडे वेल्डिंगने बंद केलेला पाइप तापला की आतली हवा आणि ओल दाब निर्माण करते आणि पाइप फुटतो. जस्ताचा मुलामा असलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीजवळ आणायचाच नाही, कारण जस्त 907 अंशांना उकळते आणि त्याचा पांढरा धूर श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगचा सांधा रसात बुडणाऱ्या भागात घ्यायचा नाही. सळईची लांबी अशी हवी की हात भट्टीच्या तोंडाच्या बाहेर राहील, पण इतकीही नको की टोक आपल्या ताब्यात राहणार नाही. आमच्या चबुतऱ्यावर सात फूट बरोबर बसत असे.

आता ओलीविषयी, कारण या सगळ्या अनुभवातला मोठा भाग ओलीनेच व्यापलेला आहे.

माझ्या पहिल्याच वर्षी खंडेनवमीला, रिवाजाप्रमाणे, कारखाना झाडून-पुसून काढला गेला. भट्टीला झेंडूची माळ, पॅनेलला हळदकुंकू, आणि सगळी हत्यारे धुऊन ओळीने मांडलेली. पळ्या आणि सळया धुणारा मीच होतो. लेपाला चिकटलेली काजळी जावी म्हणून मी त्या चांगल्या घासून पाण्याने स्वच्छ केल्या, आणि गंज येऊ नये म्हणून वर तेलाचा हातही फिरवला. दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली हीट, म्हणजे रसाची पहिली खेप, लागली. हात लावून पाहिले तर पळी खडखडीत कोरडी होती. मामा त्या दिवशी उशिरा येणार होते. मी पळी घेतली, रसात बुडवली, आणि पुढच्या क्षणी रसाचा फवारा माझ्या डोक्यावरून गेला.

चेहऱ्यावर शील्ड होती, अंगात जाड सुती कपडे आणि वर चामड्याचा एप्रन होता, विजार बुटांच्या बाहेर होती, म्हणून मनगटावरच्या दोन डागांवर निभावले. विजार बुटात खोचली असती तर काय झाले असते याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला. पाण्याचे वाफेत रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे 1700 पट होते. रसाच्या वर पडलेला थेंब चरचरून उडून जातो. पण तोच थेंब रसाच्या खाली सापडला, तर वाफेला बाहेर पडायला रस उडवण्यावाचून मार्ग नसतो. पळी वरून कोरडी होती, परंतु लेप मातीचा होता, त्याने पाणी पोटात धरून ठेवले होते, आणि माझ्या तेलाच्या हाताने ते बाहेर पडायचे दारही बंद केले होते.

मामा आल्यावर रागावतील असे वाटले होते. त्यांनी मनगट पाहिले, पळी पाहिली, आणि फक्त एवढेच म्हणाले, "हत्याराला हळदकुंकू लावा, फूल वाहा, पर आंगूळ घालू नगा." त्यानंतर दरवर्षी खंडेनवमीला आमच्या भट्टीवरची हत्यारे ब्रशने कोरडीच साफ केली जातात, आणि नवीन पोरांना त्याचे कारण सांगताना माझे मनगट दाखवले जाते.

लेपाची कृती आमच्याकडे अशी होती: ग्रॅफाइटची पूड, बारीक चाळलेली फायरक्ले, थोडे बेंटोनाइट आणि पाणी, पातळ पिठल्यासारखे होईपर्यंत. गंज आणि जुना सुटा लेप तारेच्या ब्रशने काढून, पळी हाताला सोसवेल इतकी कोमट करून मग पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, पुन्हा थर, असे तीन वेळा. एकदम जाड थर दिला की वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतले पाणी कोंडते आणि तापवताना लेपाचे पोपडे निघतात. ज्यांना परवडते ते झिरकॉनचा तयार लेप घेतात. तो रसाला कमी चिकटतो आणि जास्त टिकतो, पण आमच्या मालकांना ते पटवायला मला चार वर्षे लागली.

वाळवण्याबाबत एक गोष्ट मला मामांकडून नव्हे तर नंतरच्या वाचनातून कळली, आणि तिने मामांचा एक हट्ट उलगडला. ते लेप लावलेली पळी भट्टीच्या तोंडाशी धरून मंद लाल होईपर्यंत तापवत आणि मगच तिला ‘पास’ म्हणत. मला तो वेळेचा अपव्यय वाटे, कारण पाणी तर शंभर अंशांनाच उडते. परंतु मातीत दोन प्रकारचे पाणी असते: एक कणांच्या मध्ये अडकलेले, जे शंभराच्या थोडे पुढे गेले की निघून जाते, आणि दुसरे खनिजाच्या रचनेतच बांधलेले, जे साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान बाहेर पडते. डोळ्यांना मंद लाली दिसू लागते तीही त्याच सुमारास. मामांना खनिजाची रचना ठाऊक नव्हती; त्यांना लाली ठाऊक होती.

पळीने मला दुसरा धडा दिला तो 2013 च्या उन्हाळ्यात, आणि त्यात कुणी भाजले नाही, फक्त बराच माल बाद झाला. कास्टिंगची हार्डनेस खाली येऊ लागली होती. स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन सतत कमी दिसत होता, म्हणून आम्ही प्रत्येक हीटला कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवणारा पदार्थ, वाढवून टाकत होतो, आणि तरीही पुढच्या नमुन्यात कार्बन कमीच. मी यंत्रावर संशय घेतला, मग कार्बुरायझरच्या पुरवठादारावर, मग रात्रपाळीवर. यंत्राचे प्रमाणित नमुने बरोबर आकडा दाखवत होते. मामा दोन दिवस हे बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तपासून झालेला आमचा एक नमुना ऐरणीवर ठेवला आणि घणाने फोडला.

नमुन्याचा छेद कडेला पांढरा होता आणि मध्ये करडा.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. स्पेक्ट्रोमीटर नमुन्यावर ठिणगी पाडून तिचा प्रकाश वाचतो. बिडातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात सुटा झालेला असेल तर ठिणगीत तो नीट मोजला जात नाही आणि आकडा चुकतो, बहुधा कमी येतो. म्हणून रस तांब्याच्या साच्यात पातळ चकतीसारखा ओतून इतक्या झपाट्याने थिजवतात की ग्रॅफाइट तयार व्हायला वेळच मिळू नये आणि सगळा कार्बन लोहाशी संयोग पावलेल्या रूपात राहावा. असा नमुना आरपार पांढरा असतो. आमचा तसा नव्हता. उन्हाळ्यात हीटमागून हीट लागत होती, तांब्याचा एकच साचा लागोपाठ वापरला जात होता, तो हाताला चटका बसेल इतका तापलेला असे, आणि तापलेला साचा रसाची उष्णता पुरेशा वेगाने खेचू शकत नव्हता. साच्याच्या आतल्या तोंडावर काजळी आणि धातूचे कण बसून ते खडबडीत झाले होते, तोही अडथळाच. म्हणजे खरा कार्बन ठीक होता; आम्ही चुकीच्या आकड्यावर विसंबून तो वाढवत नेला, आणि बिडात जादा कार्बन मऊ ग्रॅफाइट होऊन बसतो, त्यामुळे कार्बन वाढला तशी हार्डनेस उतरली.

साचा बदलला, दुसरा जोडीला आणला, आळीपाळीने वापरू लागलो. आकडे बरेच सुधारले, पण त्यांच्यातली चढउतार पूर्ण गेली नाही. तेव्हा मी माझ्या नोकरीतला पहिला स्वतःच्या डोक्यातून आलेला प्रयोग केला. एकाच हीटमधून, मिनिटभराच्या अंतराने, दोन पळ्यांनी दोन नमुने घेतले. पहिली नवीन लेपाची, लाल करून घेतलेली. दुसरी रात्रपाळीची आवडती, जिचा लेप कधीच गळून गेला होता आणि तळाशी गंजाचे पापुद्रे होते. पहिलीचा कार्बन आला 3.38, दुसरीचा 3.29. दुसऱ्या नमुन्याच्या घासलेल्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रेही होती आणि दोन ठिकाणी ठिणगी नीट पडलीच नाही. गंजातला ऑक्सिजन रसातल्या कार्बनशी मिळून वायू तयार करतो, तोच त्या छिद्रांत अडकलेला होता. शिवाय उघड्या पोलादाचा थोडा अंश त्या पळीभर रसात विरघळला होता. पाचशे किलोच्या भट्टीत सळईचे चार ग्रॅम विरघळले तर फरक पडत नाही. अर्ध्या किलोच्या पळीत तसेच दहा ग्रॅम विरघळले तर नमुना भट्टीचा राहत नाही, पळीचा होतो.

एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, म्हणून आम्ही तो पुढे बरेच दिवस करून पाहिला. फरक कधी कमी, कधी जास्त आला, पण त्याची दिशा बदलली नाही.

त्यानंतर नमुना घ्यायची पद्धत लिहून काढली, आणि ती अजून भिंतीवर आहे. रसात घातलेले सर्व जिन्नस विरघळल्यावर पॉवर देऊन रस ढवळला जाऊ द्यावा, मग पॉवर बंद करावी. सळईने मळी बाजूला सारून स्वच्छ जागा करावी. तापलेली पळी तिरकी आत नेऊन पृष्ठभागाच्या खालून भरावी, वरचा थर घेऊ नये. बाहेर काढल्यावर वेळ न घालवता एका धारेत साच्यात ओतावे, कारण पळीत रेंगाळलेला रस थंड होतो आणि साच्यात शिरण्याआधीच ग्रॅफाइट सोडू लागतो. उरलेला रस कोरड्या साच्यात रिकामा करावा, जमिनीवर नव्हे. पळीच्या तळाशी थिजलेली कवटी गरम असतानाच ठोकून काढावी. थंड झाल्यावर ठोकली तर ती लेप घेऊन निघते. मामांनी हा कागद वाचला, पाचरीची चाचणी त्यात नाही हे दाखवून दिले, आणि ती घालून घेतली. पाचर फोडून पांढऱ्या भागाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजण्याला ते स्पेक्ट्रोमीटरपेक्षा जास्त मानत. मी ते पूर्ण मानत नाही. पण यंत्राने खोटे सांगितले त्या उन्हाळ्यात पाचरीने खोटे सांगितले नव्हते, हे खरे आहे.

लान्सबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टोकाची टिप एकदाच वापरायची, चार-पाच सेकंद बुडवायची, आकडा स्थिरावला की काढायची. त्रास देते ती टिपवरची पुठ्ठ्याची नळी. ती ओल ओढून घेते, आणि ओली नळी रसात गेली की रस खदखदतो, शिंतोडे उडतात व आकडा नाचत राहतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या टिपांची खोकी पॅनेलरूममध्ये, पॅनेलच्या कोरड्या हवेत ठेवतात, स्टोअरमध्ये नाही. स्टोअरकीपरची याला अजून हरकत आहे.

ओलीची खरी परीक्षा ऑगस्ट 2019 मध्ये झाली. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, रस्ता कित्येक दिवस बंद राहिला, आणि भट्ट्या थंड पडल्या. आमच्या शेडमध्ये पाणी शिरले नाही, परंतु परत गेलो तेव्हा भिंतींना हात लावला तरी ओला होत होता. मालाची घाई होती, गिऱ्हाइकांचे फोन चालू होते. मामा तोवर निवृत्त झाले होते आणि निर्णय माझा होता. पहिला संपूर्ण दिवस आम्ही एक किलोसुद्धा रस केला नाही. भंगार शेडच्या आत पसरून बर्नरने वाळवले, मळीच्या पेटीतली वाळू काढून नवी कोरडी भरली, सगळ्या पळ्या-सळयांचा लेप खरवडून टाकला आणि नवा देऊन लाकडाच्या भट्टीवर रात्रभर तापवला. तांब्याचे साचेही कोमट करून ठेवले, कारण थंड धातूवर पावसाळी हवेत दव धरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मालकांनी संध्याकाळी विचारले, की हत्यारांसाठी दिवस घालवला का. मी मनगट पुढे केले नाही, पण मनात आले होते.

आता हत्यारे भिंतीला टेकलेली नसतात. भट्टीच्या बाजूला, जिथे झाकणाची धग पोहोचते, तिथे आम्ही आडव्या दांड्यांचे एक कपाट केले आहे. पळ्या त्यावर उपड्या राहतात आणि पाळी बदलतानाही गरम असतात. प्रत्येक पळीच्या दांड्यावर क्रमांक ठोकला आहे आणि नमुन्याच्या नोंदीत पळीचा क्रमांक लिहिला जातो, म्हणजे आकडा विचित्र आला की भट्टीवर संशय घेण्याआधी पळी पाहता येते. आमचा लेप तीस-पस्तीस बुडव्या टिकतो; झिरकॉनचा दुपटीच्या जवळपास. तळ पातळ झालेली पळी लेप झटकून भंगारात, म्हणजे शेवटी त्याच भट्टीत जाते. गेल्या महिन्यात रात्रपाळीच्या एका पोराने कपाटातल्या सगळ्या जागा भरल्या म्हणून सातवी पळी खिडकीखाली उभी करून ठेवली होती. बाहेर पाऊस होता. मी ती उचलून भट्टीच्या तोंडाशी नेली आणि लाली येईपर्यंत धरून उभा राहिलो, आणि त्या पोराला शेजारी उभे करून घेतले.